आभाराची वही ठेवली, पिवळ्या कॅप्सूल परत पाठवल्या

निकाल आधी सांगते, कारण एवढं लांबलचक सगळेच वाचतील असं नाही. या डब्यातली वही चांगली आहे, आणि तिच्यावर छापलेल्या सूचना पाळल्या नाहीत तर आणखी चांगली आहे. औषधांपैकी मध, पेपरमिंट आणि इसबगोल ठेवण्यासारखे. सुंठ ठीक. हळदीच्या कॅप्सूल आणि घशाचा चहा घ्यायचा की नाही, हे ज्याने त्याने आपली चालू औषधं बघून ठरवावं. आणि ‘प्रसन्न मन’ नावाच्या पिवळ्या लेबलाच्या कॅप्सूल डॉक्टरांना किंवा फार्मसिस्टला दाखवल्याशिवाय कुणीही तोंडात टाकू नयेत.

मी रुग्णालयाच्या औषध विभागात नोकरी केली, आता निवृत्त आहे. नोकरी गेली तरी खोड जात नाही. कुठलीही बाटली हातात आली की पुढचं चित्र राहू दे, आधी मागचं बारीक अक्षर वाचायचं. हा डबा भाचीने वाढदिवसाला पाठवला. झाकणावर सोनेरी अक्षरांत लिहिलंय की रोजचे आभार आणि निसर्गाचे उपाय एवढ्यावर तब्येत सुधारते. आत एक वही, सात-आठ बाटल्या आणि पुड्या, नाक धुण्याचं एक भांडं आणि घडी घातलेलं माहितीपत्रक. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही. अशाच धर्तीचे डबे बरेच जण विकतात आणि मला जे म्हणायचंय ते सगळ्यांनाच लागू आहे.

वहीपासून सुरुवात करते, कारण खरा जीव तिच्यातच आहे. कागद जाड, शाईचं पेन वापरलं तरी मागे उमटत नाही. शिवण धाग्याची, त्यामुळे वही टेबलावर सपाट उघडी राहते. प्रत्येक पानावर सकाळच्या तीन ओळी, रात्रीच्या तीन ओळी आणि खाली बरोबरची खूण करायला एक चौकोन. तारखा छापलेल्या नाहीत, हे फार बरं केलं. दर सात पानांनंतर एक रंगीत पान येतं.

आधी त्या सहा ओळींबद्दल. सुरुवातीला उत्साह असतो, बारीकसारीक काहीबाही आठवतं. मग ‘तब्येत, घर, माणसं’ आणि दुसऱ्या दिवशी ‘घर, माणसं, तब्येत’. हजेरीपट भरल्यासारखं होतं. वही बनवणाऱ्यांनी माहितीपत्रकात ज्या अभ्यासाचा दाखला दिलाय, तोच त्यांनी नीट वाचला असता तर सहा ओळी छापल्या नसत्या. रॉबर्ट एमन्स आणि मायकेल मॅकलॉ या मानसशास्त्रज्ञांचा हा अभ्यास 2003 सालचा. त्यातल्या पहिल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी आठवड्यातून एकदाच लिहायचं होतं, जास्तीत जास्त पाच गोष्टी, आणि तेही दहा आठवडे. एका गटाने आभार मानण्यासारख्या गोष्टी लिहिल्या, दुसऱ्याने कटकटी, तिसऱ्याने नुसतं काय घडलं ते. आभारवाल्यांना आयुष्याबद्दल जास्त समाधान वाटलं, शारीरिक तक्रारी त्यांनी कमी सांगितल्या आणि व्यायामही जास्त केला. पुढे सोन्या ल्युबोमिर्स्की यांच्या गटाने तर एका गटाला आठवड्यातून एकदा आणि दुसऱ्याला तीनदा लिहायला लावून पाहिलं. फरक पडला तो एकदा लिहिणाऱ्यांनाच. रोज रोज तेच काढत बसलं की मनालाही त्याचं काही वाटेनासं होतं. रोज लिहून काहीच होत नाही असं मी म्हणत नाही. एमन्स-मॅकलॉ यांच्याच पुढच्या प्रयोगांत लोकांनी थोड्या काळासाठी रोज लिहिलं आणि त्याचाही उपयोग दिसला. पण सकाळ-रात्र, तीन-तीन ओळी, वर्षभर, हे कुणाच्या डोक्यातून आलं कोण जाणे.

मी रविवारी रात्री एकदाच लिहिते. जागा भरपूर मिळते, म्हणून ‘काय’ एवढ्यावर न थांबता ‘कुणामुळे’ आणि ‘नेमकं कसं’ हेही लिहिता येतं. ‘रक्त तपासणी झाली’ हे काही आभार नव्हेत. ‘माझी शीर सापडत नाही हे दंडाला पट्टी बांधल्या बांधल्या त्या पोरीच्या लक्षात आलं, तिने गडबड न करता हात खाली सोडायला सांगितला, मूठ उघड-मीट करायला लावली आणि एका टोचण्यात काम केलं’ हे मात्र आठवड्यानंतर वाचलं तरी बरं वाटतं. त्या पोरीचं नाव विचारायचं राहिलं ते वेगळं.

चौकोनात खुणा करायच्या भानगडीत मी पडले नाही. मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला ठसठशीत छापलंय, ‘21 दिवसांत सवय लागते, साखळी तुटू देऊ नका’. फिलिपा लॅली आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा लंडनमधला 2010 सालचा अभ्यास आहे. त्यात सवय अंगवळणी पडायला लागलेला मधला आकडा 66 दिवसांचा निघाला आणि माणसामाणसांत 18 पासून 254 दिवसांपर्यंत फरक होता. मधे एखादा दिवस चुकला तर फारसं बिघडत नाही, हेही त्यातच दिसलं. साखळी तुटली म्हणून वही कपाटात टाकून देणारे लोक मी बघितलेत. त्यांना ही ओळ छापणाऱ्याने उगाच अपराधी करून ठेवलंय.

आता रंगीत पानं. तीन प्रकारची आहेत आणि आळीपाळीने येतात.

हिरव्या पानावर प्रश्न आहे: ‘ही चांगली गोष्ट घडलीच नसती तर?’ ज्याने हे पान घातलं त्याला माझा नमस्कार. 2008 साली मिनक्युंग कू आणि सहकाऱ्यांनी प्रयोग करून दाखवलं होतं की चांगली गोष्ट आहे म्हणून विचार करण्यापेक्षा ती आयुष्यातून मनातल्या मनात वजा करून पाहिली तर माणसाला जास्त बरं वाटतं. गंमत म्हणजे लोकांचा अंदाज नेमका उलटा असतो, असा विचार केला तर वाईट वाटेल असं त्यांना वाटतं. मी माझी पहिली नोकरी वजा करून पाहिली. मुलाखतीच्या दिवशी मला सणसणून ताप होता. मैत्रिणीने ओढत नेलं, माझी प्रमाणपत्रांची फाइल मांडीवर घेऊन ती बाहेरच्या बाकावर बसली आणि मी आत जाण्याआधी ओल्या रुमालाने माझं तोंड पुसून दिलं. ती त्या दिवशी आली नसती तर मी कुठे असते, असं लिहायला घेतलं आणि पान पुरलं नाही, मागच्या कोऱ्या बाजूवर गेले.

निळं पान फाडता येतं. ते पत्राचं आहे, वहीच्या मागच्या कप्प्यात लिफाफेही दिलेत. कुणाचे तरी आभार सविस्तर लिहून पाठवायचे. लोक हे टाळतात, कारण समोरच्याला अवघडल्यासारखं होईल असं वाटतं. अमित कुमार आणि निकोलस एपली यांनी 2018 साली हेच तपासलं. पत्र लिहिणारे समोरच्याच्या अवघडलेपणाचा अंदाज जास्त धरतात आणि त्याच्या आनंदाचा कमी. मी आमच्या औषध भांडारातल्या माणसाला लिहिलं. आलेल्या प्रत्येक खोक्यावर ते लाल पेन्सिलने एक्सपायरी लिहायचे, आणि जे आधी संपणार ते पुढे, असं रचून ठेवायचे. त्यांच्या काळात मुदत संपलेली एक स्ट्रिपसुद्धा माझ्या काउंटरपर्यंत आली नाही. हे कधी त्यांना म्हणाले नव्हते. पत्र मिळाल्यावर त्यांचा फोन आला. पहिलं वाक्य: “बाई, तब्येत बरी आहे ना? रिपोर्ट काही वाईट आलेत का?” मग अर्धा तास बोललो. कुमार आणि एपली यांच्या निष्कर्षात या प्रतिक्रियेची नोंद नसावी, पण फोन ठेवताना ते खूश होते एवढं नक्की.

तिसरं, गुलाबी पान. त्यावर लिहिलंय: ‘आज कोणत्या दुखण्याचे आभार मानाल?’

हे पान मी प्रत्येक ठिकाणी टाचणीने बंद केलंय. दुखणं हा निरोप असतो, तो पोचल्यावर त्याचं काहीतरी करायचं असतं. काउंटरवर ज्यांना वर्षानुवर्षं औषधं दिली त्यांच्यात दोन तऱ्हेची माणसं मला कायम आठवतात. एक, बारीक दुखलं तरी चार गोळ्या मागणारी. दुसरी, ‘चाललंय, तक्रार कशाला करायची’ म्हणत आठवड्याच्या आठवड्याला अॅसिडिटीच्या गोळ्यांची स्ट्रिप नेणारी. काळजी वाटायची ती या दुसऱ्यांची. जिना चढताना छातीत जळजळतं आणि थांबलं की थांबतं, असं कुणी सांगितलं की मी गोळ्या देण्याआधी ईसीजी काढून घ्यायला सांगायचे. अशा माणसाच्या हाती गुलाबी पान दिलं तर तो दुखण्याचे आभार मानून झोपून जाईल. न कळत घटलेलं वजन, शौचातून रक्त, दोन आठवड्यांच्या वर टिकलेला खोकला, यांचे आभार मानायचे नसतात, डॉक्टरांची वेळ घ्यायची असते. पुढच्या आवृत्तीत हे पान काढून त्या जागी ‘डॉक्टरांना विचारायचे प्रश्न’ असं काही छापलं तर वही खरोखर आरोग्याची होईल.

माहितीपत्रकात वहीबद्दल असंही लिहिलंय की ती हृदयरोगावर, नैराश्यावर ‘सिद्ध’ आहे. हृदयाचा जो अभ्यास त्यांना अभिप्रेत असावा तो 2016 सालचा, 70 रुग्णांचा, आठ आठवड्यांचा. वही लिहिणाऱ्यांच्या रक्तातली दाह दाखवणारी काही मोजमापं सुधारली, ही चांगली बातमी आहे, पण तो प्राथमिक अभ्यास होता. आणि ते रुग्ण नेहमीचे उपचार घेतच होते, हे वाक्य पत्रकात नाही. नैराश्य आणि चिंता यांच्याबाबत 2021 साली क्रेग आणि चीव्हन्स यांनी 27 अभ्यास एकत्र करून पाहिले आणि परिणाम लहानच निघाला. लहान म्हणजे शून्य नव्हे. रविवारी रात्री वही लिहून झाली की माझ्या डोक्यातली उद्याच्या कामांची यादी जरा गप्प बसते आणि झोप लवकर लागते. आभारी वृत्तीची माणसं झोपताना बऱ्या गोष्टींचा विचार करतात आणि म्हणून चांगली झोपतात, असं 2009 सालच्या एका अभ्यासातही दिसलंय. पण ज्याला नैराश्याचा आजार आहे त्याच्या हातात वही देऊन उपचार झाले असं समजू नये.

आता बाटल्या.

मधाच्या बाटलीवर ‘एक वर्षाखालील बाळाला देऊ नये’ असं स्वच्छ छापलंय. अख्ख्या डब्यातला हा एकमेव इशारा, आणि तो अगदी योग्य आहे. मधात क्लॉस्ट्रिडियम बोट्युलिनम या जंतूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात ते काही करत नाहीत, तान्ह्या बाळाच्या आतड्यात मात्र वाढून विष तयार करू शकतात. खोकल्यासाठी मध हे सांगोवांगीचं राहिलेलं नाही. ब्रिटनमधल्या ‘नाइस’ या संस्थेने 2019 सालच्या मार्गदर्शनात नुकत्याच सुरू झालेल्या साध्या खोकल्याला आधी मध वापरून पाहा असं सांगितलं, कारण असा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि त्यावर अँटिबायोटिक काही करत नाही. झोपताना चमचाभर, बस. मधुमेह असेल तर ती साखरच आहे हे ध्यानात ठेवायचं.

पेपरमिंट तेलाच्या कॅप्सूलवर मी खूश आहे, कारण पोटात मुरडा येणं, फुगणं हा माझा जुना त्रास, इरिटेबल बॉवेल म्हणतात तो. मेंथॉल आतड्याच्या स्नायूंमध्ये कॅल्शियम शिरू देत नाही, त्यामुळे आवळलेला स्नायू सैल पडतो. अमेरिकन कॉलेज ऑफ गॅस्ट्रोएंटरॉलॉजीच्या 2021 सालच्या मार्गदर्शनात या त्रासासाठी पेपरमिंटचा पर्याय आहे. या कॅप्सूलना आतड्यात जाऊन विरघळणारं वेष्टण आहे, हे मी आधी तपासलं. ते नसतं तर परत केल्या असत्या. कारण जो स्नायू सैल पडल्यामुळे पोटाला आराम पडतो, तसाच अन्ननलिकेच्या तोंडाचा स्नायू सैल पडला तर आम्ल वर येतं. म्हणून कॅप्सूल चावायची नाही आणि अॅसिडिटीच्या औषधासोबत घ्यायची नाही, नाहीतर वेष्टण जठरातच सुटतं. यातलं एक अक्षर पत्रकात नाही. तिथे ‘ताजेपणा देते’ एवढंच.

इसबगोल म्हणजे इसबगोल. पुडी स्वच्छ, भेसळीची शंका नाही, काम करतं. शौचाला मदत होतेच, शिवाय रोज पुरेसं घेतलं तर वाईट कोलेस्टेरॉल थोडं उतरतं. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या अन्न-औषध प्रशासनाने, 1998 साली दिवसाला 7 ग्रॅम विद्राव्य तंतू एवढं प्रमाण धरून तसं लेबलवर लिहायची परवानगी दिली. भरपूर पाण्यासोबत घ्या आणि इतर गोळ्यांपासून दोन तास लांब ठेवा. लॅव्हेंडरच्या तेलाला वास चांगला आहे. त्यापुढे मला काही म्हणायचं नाही.

सुंठीच्या कॅप्सूल प्रत्येकी 250 मिलिग्रॅमच्या. मळमळीवर आल्याचे जे अभ्यास झालेत, विशेषतः गरोदरपणातल्या मळमळीवर, ते साधारण दिवसाला 1 ग्रॅमचे आहेत, म्हणजे चार कॅप्सूल. पत्रकात मात्र ‘दिवसातून एक’. इथे त्यांनी हात आखडता घेतला आणि जिथे आखडायला हवा होता तिथे मोकळा सोडला.

नाक धुण्याचं भांडं चिनी मातीचं, देखणं आहे. मिठाच्या पुड्याही मोजून दिलेल्या. नाक चोंदण्यावर, सायनसच्या जुन्या त्रासावर मिठाच्या पाण्याने आराम पडतो. पण पत्रकात ‘कोमट पाणी घ्यावे’ इतकंच, ही खरोखर गंभीर चूक आहे. पाणी उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्डच हवं. नळाच्या पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी नावाचा अमीबा असू शकतो. तो पाणी पिऊन काही करत नाही, नाकातून वर गेला तर मेंदूत पोचतो आणि त्यातून वाचणारे फार थोडे. अशा घटना विरळ आहेत, पण पाणी उकळायला असे किती कष्ट पडतात?

हळदीच्या कॅप्सूलवर ‘मिरीच्या अर्कासह, 20 पट शोषण’ असं मिरवलंय. आकडा खोटा नाही. 1998 सालच्या एका अभ्यासात 2 ग्रॅम कुरकुमिनसोबत (हळदीतलं मुख्य द्रव्य) 20 मिलिग्रॅम पायपरिन (मिरीतलं तिखट द्रव्य) दिल्यावर रक्तातलं प्रमाण 2000 टक्क्यांनी वाढलं होतं. मुळात हळदीत वजनाच्या तीनएक टक्केच कुरकुमिन असतं आणि तेही शरीर लगेच बाहेर टाकतं. पायपरिन यकृताचं हे बाहेर टाकण्याचं काम मंदावतं. पण ते हळदीपुरतं मंदावत नाही ना! फिटची फेनिटॉइन, रक्तदाबाची प्रोप्रानोलॉल अशा औषधांचंही रक्तातलं प्रमाण पायपरिनने वाढतं. शिवाय अशा तगड्या हळद-मिरी कॅप्सूलनंतर यकृताला सूज आल्याच्या घटना नोंदल्या गेल्यात, त्यातल्या बऱ्याच 2022 साली अमेरिकेतल्या यकृतविकारांच्या संशोधनगटाने प्रसिद्ध केल्या. स्वयंपाकातली हळद आणि ही कॅप्सूल एक नव्हे. गुडघ्याच्या दुखण्यावर कुणाला गुण येत असेल तर जरूर घ्यावी, पण लघवी गडद झाली, डोळे पिवळे वाटले, की बंद करून डॉक्टर गाठावा.

घशाचा चहा आमच्या ह्यांना एकदम आवडला. साखर न घालता गोड लागतो ना! तो गोडवा ज्येष्ठमधाचा. आमच्या ह्यांना बीपी आहे, त्यात पाणी काढून टाकणारी गोळी सुरू. ज्येष्ठमधातल्या ग्लायसिरायझिनमुळे मूत्रपिंडातलं एक विकर (एन्झाइम) थांबतं. हे विकर एरवी कॉर्टिसोल या संप्रेरकाला निष्क्रिय करून ठेवतं. ते थांबलं की कॉर्टिसोल अल्डोस्टेरॉनसारखं, म्हणजे मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं, वागायला लागतं: मीठ आणि पाणी अंगात साठतं, पोटॅशियम बाहेर जातं, बीपी चढतं. पाणी काढणाऱ्या बऱ्याच गोळ्याही पोटॅशियम घालवतात. दोन्हीकडून गळती. दिवसाला 100 मिलिग्रॅम ग्लायसिरायझिनपर्यंत चालतं असं बरीच वर्षं धरलं जायचं; 2024 साली स्वीडनमधल्या प्रयोगात तेवढ्यानेही दोन आठवड्यांत रक्तदाब वाढलेला दिसला. घसा दुखतोय म्हणून धडधाकट माणसाने चार दिवस हा चहा प्यायला तर काही होत नाही. पण पत्रकात ‘रोज तीन कप, कायमस्वरूपी’ असं लिहिलंय आणि एका पुडीत ग्लायसिरायझिन किती ते कुठेच नाही. हे म्हणाले, “चहाच तर आहे.” मी डबा वरच्या फळीवर ठेवला. सध्या त्यांचं मिठाच्या कोमट पाण्याच्या गुळण्यांवर भागतंय. जपानमध्ये 2005 साली 387 जणांवर प्रयोग झाला होता, त्यात नुसत्या पाण्याने गुळण्या करणाऱ्यांना सर्दी-पडसं कमी वेळा झालं. जंतुनाशक घातलेल्या पाण्याने मात्र तो फायदा दिसला नाही.

आता ‘प्रसन्न मन’. लेबलावर पिवळी फुलं, खाली ‘पिवळ्या फुलांचा शुद्ध अर्क’. मागे भिंग लावून वाचलं तेव्हा नाव सापडलं: हायपेरिकम परफोरेटम. म्हणजे सेंट जॉन्स वर्ट. मी खुर्चीत सरळ बसले.

ही वनस्पती बोगस नाही. कॉक्रेन ही संस्था अनेक चाचण्या एकत्र तपासते; तिच्या 2008 सालच्या आढाव्यात 29 चाचण्या आणि 5489 रुग्ण होते. नैराश्यावर तिचे अर्क खोट्या गोळीपेक्षा सरस आणि नेहमीच्या औषधांच्या तोडीचे ठरले, दुष्परिणामही कमी. खरी अडचण हीच की ती काम करते. तिच्यातलं हायपरफोरिन यकृतातली औषधं फोडणारी आणि आतड्यातली औषधं बाहेर ढकलणारी यंत्रणा जोरात चालू करतं. मग दुसरी औषधं ठरल्यापेक्षा आधीच शरीराबाहेर जातात. गर्भनिरोधक गोळ्या, रक्त पातळ करणारं वॉरफरिन, हृदयाचं डिगॉक्सिन, एचआयव्हीची औषधं, अवयव बदलल्यावर घ्यायचं सायक्लोस्पोरिन. 2000 साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात झुरिचच्या दोन रुग्णांची हकीकत आली होती. हृदय बदललेलं, सगळं सुरळीत, त्यांनी ही वनस्पती सुरू केली, सायक्लोस्पोरिनचं प्रमाण घसरलं आणि शरीर नवं हृदय नाकारायला लागलं. नैराश्याच्या काही गोळ्यांसोबत घेतली तर सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन धोक्याच्या पातळीला जातं. बंद केल्यावरही परिणाम ओसरायला दोनएक आठवडे लागतात. अशी गोष्ट आभाराच्या वहीसोबत, फुलांच्या चित्राखाली, एकाही इशाऱ्याविना. तीही मन उदास असणाऱ्यांसाठी, म्हणजे ज्यांच्या औषधांच्या डब्यात आधीच काहीतरी असण्याचा संभव जास्त त्यांच्यासाठी.

डिगॉक्सिनही मूळचं झाडातलंच. फॉक्सग्लव्ह या झाडाचा हृदयासाठीचा उपयोग विल्यम विदरिंग या डॉक्टरांनी 1785 साली लिहून ठेवला, तेव्हापासून सगळी झटापट मात्रेचीच आहे. पाव मिलिग्रॅमची ती इवलीशी गोळी देताना आम्ही प्रिस्क्रिप्शन दोनदा वाचायचो. झाडातून आलंय म्हणून एकदा वाचलं तर चालेल असं कुणी म्हणालं नाही.

भाचीने एक डबा स्वतःसाठीही घेतला होता. तिला लगेच फोन केला. तिची कुठली गोळी चालू आहे ते इथे लिहीत नाही, पण मी पहिला प्रश्न तोच विचारला आणि तिने सील न फोडताच पिवळी बाटली बाजूला काढली. “मावशी, मी तर वहीसाठीच घेतला होता गं,” म्हणाली. तिला सांगितलं, वही मस्त आहे, रोज लिहू नकोस.

दोन्ही पिवळ्या बाटल्या परत पाठवल्या. त्यांनी तक्रार न करता घेतल्या, ही त्यांची जमेची बाजू; पार्सलही नीट, वेळेवर येतं. सोबत पत्र लिहून तीन गोष्टी विचारल्या: चहाच्या एका पुडीत ग्लायसिरायझिन किती, पिवळ्या कॅप्सूलमध्ये हायपरफोरिन किती, आणि कोणी घेऊ नये याची यादी लेबलवर कधी येणार. उत्तर आलं: ‘आमची सर्व उत्पादने शंभर टक्के नैसर्गिक व सुरक्षित आहेत. आपल्या प्रेमाबद्दल कृतज्ञ आहोत.’

मी पुन्हा लिहिलंय, या वेळी तिन्ही प्रश्नांना क्रमांक घालून आणि उत्तरासाठी जागा सोडून. वही त्यांच्याकडे सुटी मिळते, घ्यायची असेल तर तेवढीच घ्या. वहीला पाचपैकी चार, गुलाबी पानांचा एक गुण कापून. बाकीच्या डब्याला आत्ता दोन. मिलिग्रॅमचे आकडे आले की इथेच खाली जोडते.